एक नग कमी

आमच्या वन्संचं तोंड म्हणजे कात्री. नवऱ्याची थोरली बहीण, लग्न केलेलं नाही, आणि इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तीस वर्षं कपडे मोजायचं काम. चादरींवर न निघणाऱ्या काळ्या शाईने वॉर्डाचा नंबर घालायचा आणि गठ्ठा आला की यादीशी ताडून बघायचा. उशीचा एक अभ्रा जरी सापडला नाही तरी "एक नग कमी आहे!" अशी आरोळी ठोकायच्या की बॉयलरवाल्याच्या हातातला चहा सांडायचा.

मी तिथेच इस्त्रीला, आमचे हे तिथेच कारकून. रविवारी काम सुटलं की आम्ही ख्रिस्ती माणसं इस्त्रीखोलीत प्रार्थनेला बसायचो. आम्ही अकरा जण. सगळ्यात मोठ्याने आमेन कोण म्हणायचं? आमचे हे!

मग वरून हुकूम आला. प्रार्थना बंद. जे बसत होते त्यांनी 'मी ख्रिस्ताला सोडलं' अशा कागदावर सही करायची, नाहीतर नोकरी आणि लॉन्ड्रीने दिलेली खोली त्याच दिवशी सोडायची. पण बसत होतं कोण, हे ऑफिसला ठाऊक नव्हतं. त्यांनी ह्यांना गाठलं.

ह्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर भर दुपारी यादी लिहिली. आठ नावं.

"आपली तिघांची नाहीत," हे म्हणाले. "घरच्यांना कोणी बुडवतं का?"

"आणि त्या आठ जणांना घरं नाहीत?" असं विचारायला हवं होतं मी. विचारलं काय, तर, "वन्संना कळलं तर?"

"कसं कळेल? तू फक्त तोंड उघडू नकोस."

नाही उघडलं. मूग गिळून बसले. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला हायसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोठे साहेब आले. मशीन बंद करून सगळ्यांना इस्त्रीखोलीत उभं केलं. टेबलावर कागद, शेजारी हे, मान खाली. साहेब एकेक नाव वाचत होते. बॉयलरवाला पुढे झाला, कागद वाचला आणि म्हणाला, "नाही जमणार." त्याला दाराशी उभं केलं. शिवणकामवालीने रडत सही केली. तिची तीन लेकरं लॉन्ड्रीच्याच खोलीत राहायची, तिला कोण नावं ठेवणार? आठांतल्या तिघांनी सही केली, पाच दाराशी गेले. वन्संचं नाव येणार नाही हे मला माहीत होतं, तरी माझी नजर त्यांच्यावरच होती. कारण वन्सं गप्प होत्या. वन्सं आणि गप्प!

साहेबांनी यादीची घडी घातली.

"थांबा साहेब," वन्सं म्हणाल्या. "एक नग कमी आहे."

"काय?"

"तीस वर्षं याद्या ताडल्यात मी. द्या इकडे."

ह्यांनी मान वर केली. "ताई, नको," एवढंच कसंबसं म्हणाले. वन्संनी यादी उघडली आणि एका नजरेत अक्षर ओळखलं. ते वळण त्यांनीच गिरवून घेतलं होतं ना! मग खिशातून चादरींवर नंबर घालायचं ते काळं पेन काढलं आणि आठव्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

"मोजायला मीच शिकवलं होतं रे तुला," त्या ह्यांना म्हणाल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अजून कोणी?" साहेबांनी विचारलं.

पेन टेबलावर उघडंच होतं. माझ्यापासून दोन पावलांवर. मी इस्त्रीच्या वायरकडे बघत राहिले.

वन्सं आता बेकरीच्या मागे एका खोलीत राहतात, चादरी शिवतात. रविवारी सगळे तिथे जमतात. सह्या केलेले तिघंही रडत परत आले, असं कळलं. हे घरात धड जेवत नाहीत, आमेन तर सोडाच. दोन महिने मी ते तोंड बघितलं आणि आरशातलं माझंही. गेल्या रविवारी उठले आणि गेले.

दारात पाय टाकला, सगळ्यांनी माना वळवल्या. वन्संनी माझ्याकडे बघितलं. हातात चहाची किटली होती. माणसं नऊ, आणि त्या कप भरत होत्या अकरा.

म्हटलं, "वन्सं, दोन कप जास्त झालेत."

"मी जन्मात मोजायला चुकले नाही," वन्सं कडाडल्या. "दर रविवारी अकराच भरते. एक तुझा. एक त्या गाढवाचा."

मी हुंदका दिला. त्यांनी माझा कप माझ्या हातात कोंबला.

"रडतेस काय? बस. आणि त्याच्या कपावर बशी झाक, गार होईल."