सातागो, साताजिस, साताजित

बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि सेक्टर दहाचं कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही दुर्गमधल्या बोरसीला राहायला आलो. मी तेव्हा बीएस्सीला होते. वनस्पतींची लॅटिन नावं पाठ होईनात, म्हणून चर्चमधल्या म्हाताऱ्या केरळी फादरांना अर्थ विचारायला गेले, तर त्यांनी मला व्याकरणच शिकवायला घेतलं.

घरात बाबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अजूनही पहाटे उठून, दाढी करून, बूट घालून तयार व्हायचे. मग नळाचा वॉशर बदल, फाटकाला तेल घाल, धुतलेला कूलर पुन्हा धू. एकदा तर आईनं चिरलेली भेंडी जाड झाली म्हणून परत चिरत बसले.

"घडीभर बसा न जी," आई म्हणायची.

"बसून करू काय?"

त्याच सुमारास फादरांनी एक क्रियापद शिकवलं, पुस्तकांत क्वचितच सापडणारं. सातिस म्हणजे पुरेसं, आजेरे म्हणजे करणं. दोन्ही मिळून साताजेरे. मला वाटलं, अर्थ 'पुरेसं करणं' असेल. फादर म्हणाले, तसं नाही. हातात इतकं असणं की माणसाची नुसती तारांबळ उडते. सातागो, माझी तारांबळ उडते. साताजिस, तुझी. साताजित, त्याची. 'ग'चा मध्येच 'ज' होतो आणि 'सातागुन्त'मध्ये परत 'ग' येतो, तिथे मी सारखी अडखळायची.

घरी येऊन घोकत होते, तर बाबा पान्हा हातात घेऊन उभे राहिले.

"काय बडबडून राहिली?"

मी अर्थ सांगितला. ते पान्हा घेऊन परत नळाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा कुठे दिसेनात. चपला नव्हत्या, सायकल मात्र जागेवर. आईनं शेजारपाजार पालथा घातला. मी जुन्या क्वार्टरवर गेले, कॅम्प-1च्या बाजारात गेले, प्लांटच्या गेटवरही विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

दिवस कलताना ते फाटक उघडून आत आले. दुर्गहून पॅसेंजर पकडून गोंदियाला गेले होते आणि तसेच परत आले.

"कावून सांगितलं नाही?" आई रडत ओरडली. "काय काम होतं तिथं?"

"काम नव्हतं. गाडी चालू होती, तं मले बसता आलं," बाबा म्हणाले.



पुढच्या खेपेला मी त्यांना चर्चमध्ये घेऊन गेले. फादरांसमोर बसताच बाबांनी विचारलं, "इस सातागो का भूतकाल होता है क्या?"

"होता है. सातेजी. लेकिन मैंने किसी किताब में देखा नहीं."

बाबा मोठ्यानं हसले. कित्येक महिन्यांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग बसल्या बसल्या त्यांनी बाक हलवून पाहिला. पाय ढिला होता. माझा धडा संपेपर्यंत ते आणि फादर बाक उलटा करून खिळे ठोकत होते.

तेव्हापासून बाबा रोज सकाळी तिकडे जायला लागले. सगळे बाक झाले, मग खिडक्या, मग पंप. जेवायला घरी यायचे आणि अर्धा तास डोळे मिटून पडायचेसुद्धा. आईला मात्र ते गोंदियाला गेले त्या दिवसापासून चैन नव्हतं. ते येईपर्यंत ती पोळ्या अर्धवट टाकून दहादा फाटकाशी जायची.