येतो हां

आमच्या करी रोडच्या चाळीत समोरच्या खोलीतले काका कधी ‘जातो’ म्हणत नाहीत. दूध आणायला निघाले तरी उंबऱ्यात थांबून म्हणतात, “येतो हां.” जातो म्हणणं अशुभ, ही त्यांच्या मालवणी आईची शिकवण.

इंटरनेटवाल्याने दर वाढवले आणि नेट रोज बंद पडू लागलं. आम्ही शूर माणसं शिव्या देत त्यालाच चिकटून होतो. भिंतीला पुन्हा भोकं कोण पाडणार? आणि नवा तरी धड निघेल कशावरून?

काकांनी मात्र कनेक्शन बंद करायला कंपनीत फोन लावला. तिकडच्या मुलीने दोन महिने फुकट देऊ केले, तरी बधले नाहीत. शेवटी सवयीने म्हणाले, “बरं गो बाय, येतो हां.”

महिना झाला तरी कनेक्शन चालूच. काकांनी पुन्हा फोन करून विचारलं तर तीच मुलगी म्हणाली, “सर, ‘ग्राहक परत येतो म्हणाले’ अशी नोंद आहे.”

काकांनी स्पीकर लावला. आम्ही गॅलरीत जमलो. त्यांनी घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

“जातो!”

अख्ख्या मजल्याने टाळ्या पिटल्या. मी तिथेच काकांकडून त्यांच्या नव्या कंपनीचा नंबर मागून घेतला.

काकांनी दुधाची पिशवी उचलली, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, “येतो हां.”