चढाईला ओठ हलवणारा

बदलापूर गावातल्या कबड्डीच्या मैदानावर एक माणूस रोज संध्याकाळी येऊन बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

आम्हा बघ्यांत तेव्हा एकच वाद चालायचा. आमचा कॉलेजातला चढाईवाला मुंबईच्या कंपनीच्या संघात जाईल का? गेला तर नोकरी पक्की. मी म्हणायचो, जाणारच. शाळा फार शिकलो नाही, पण दम ओळखतो.

तो माणूस वादात पडत नसे. पोरगं "कबड्डी, कबड्डी" करत रेषेपलीकडे गेलं की याचेही ओठ तसेच हलायचे. पोरगं परत यायचं ताजंतवानं, आणि धापा टाकायचा हा.

कंपनीवाले बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला डिवचलं, "काय शेठ, उद्यापण बसल्या जागी खेळणार काय?"

तो हसला नाही. "उद्या मी तोंड मिटून बसतो, दादा. मग तुमच्या पोराचा दम बघा."

तसाच बसला. पहिल्याच चढाईत समोरच्यांच्या अंगणात पोराचा दम तुटला. कंपनीने दुसऱ्यालाच उचललं.

पोराला ऊन बाधलं, असं मी आजही छातीठोक सांगतो. फक्त हल्ली कुणाची चढाई बघताना माझे ओठ हलतात, आणि ते मिटायचं धाडस मला होत नाही.