बर्फातली हरणं आणि आमची हौस

कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात घरात बसून विटलो, म्हणून मी आणि माझा नवरा निखिल आमच्या उइटहॉर्न या डच गावातून गाडी काढून वेलुवेच्या जंगलाकडे निघालो. आठवडाभर बर्फ पडून गोठला होता. "बर्फात हरणं दिवसाढवळ्या दिसतात," असं मीच कुठेतरी वाचलं होतं.

पार्किंग तुडुंब. कॅफे बंद, म्हणून गाडीतच धपाटे खाल्ले.

वाटेवर हिरव्या कोटातले, सत्तरीचे एक आजोबा दुर्बीण घेऊन उभे होते. ते यागर (शिकारी) आहेत हे कळताच माझं तोंड कडू झालं.

"आज मारायला आलात?" मी इंग्रजीत विचारलं.

"छे! एरवी आम्ही वारा बघून वेळ ठरवतो. वारा सुटला की हरणं आडोशाला जातात, शांत संध्याकाळी उघड्यावर येतात. पण अशा थंडीत ती अंगातली चरबी पुरवून पुरवून जगतात. धावली की संपलं. म्हणून शिकार थांबवलीय. तुम्हीही पायवाट सोडू नका."

मी ओशाळले.

पुढच्या वळणावर पाइनच्या झाडांपाशी, उन्हाच्या बाजूला, दहा-बारा हरिणी बसल्या होत्या. वाटेवर ही गर्दी. एक जण दोरी ओलांडून आत शिरला. त्याच्यामागे आणखी चार. त्यांतला तिसरा निखिल!

"निखिल, मागे फिर!"

"अगं, एकच फोटो!"

कळप उठला आणि पोटापर्यंतच्या बर्फातून उधळला. शेवटचं पाडस कुंपणाच्या तारेत अडकून आपटलं. ते उठेना. लोक त्याचंही शूटिंग करत होते! मी चक्क मराठीत किंचाळले, "लाजा वाटत नाहीत?" भाषा कळली नाही, पण फोन खाली आले.

आजोबांनी बॉसवाख्टरला (वनरक्षकाला) बोलावलं. त्याने पाय तपासला, मान हलवली आणि सगळ्यांना हाकललं. गाडीपाशी पोचलो तेव्हा मागून बंदुकीचा एकच बार ऐकू आला.

"पहिला मी नव्हतो गेलो," परतताना निखिल पुटपुटला.

"शेवटचाही नव्हतास. आणि तुला तिथे नेलं मी."

शिकारी म्हणताच नाक मुरडणारी मी, आणि त्या मुक्या जिवाचा काळ ठरली आमची एका रविवारची करमणूक! संताप कुणावर काढायचा?

घरी येते तो बुइटनव्हेल्डर्टला राहणाऱ्या मैत्रिणीचा मेसेज: 'दिसली हरणं? आम्ही उद्या निघतोय.'

बूटही न काढता मी तिला फोन लावला.