जीपचा वेग आणि आईची चाल

वेल्ह्यात माझं काम विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं. तारा, स्विच, वायंडिंग यांत हात बसलेला. म्हणून जुनी जीप घेतली तेव्हा तिचा मोडकळीला आलेला डॅशबोर्ड काढून बाजारात मिळणारा नवा, आकडे दाखवणारा, आपणच बसवू असं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी हिर्डोशीला आईकडे गेलो आणि अंगणातच काम काढलं.

सगळं जोडून झालं. डिझेल दिसायला लागलं, इंजिनाची गरमी दिसायला लागली, दिवे लागले. वेग तेवढा दिसेना. रस्त्यावर एक फेरी मारून आलो. जीप पळतेय आणि मीटरवर शून्य.

चाकं किती फिरली हे मीटरला कळवणारा एक छोटा सेन्सर गिअरबॉक्सला असतो. तोच गेला असणार असं मला वाटलं. खात्री करायला त्याच्या तारांवर मल्टीमीटर लावला, तर सेन्सरपर्यंत वीजच पोचत नव्हती. जुना डॅशबोर्ड परत जोडून बघितला, तर वीज आली! म्हणजे इतकी वर्षं सेन्सरला तोच वीज पुरवत होता, आणि मी तो काढून बाजूला ठेवला होता.

मागचं एक चाक जॅकवर उचललं, बाकीच्या चाकांना दगड लावले, गिअर काढून चावी फिरवली. आता चाक फिरवायला कुणीतरी हवं होतं. आई पडवीत नाचणी पाखडत बसली होती.

"म्या फिरवू व्हय?" असं म्हणत ती उठलीच. सत्तरी ओलांडलेली बाई, पदर खोचून चाकाशी बसली.

तिनं चाक फिरवलं आणि सेन्सरकडून मीटरकडे खूण नेणाऱ्या तारेवर लावलेल्या माझ्या मल्टीमीटरवर आकडा चढला, उतरला, पुन्हा चढला. आई थांबली की तोही थांबायचा. मग जुना डॅशबोर्ड काढून नवा जोडला आणि सेन्सरला बॅटरीवरून थेट वीज दिली. तरी खुणेची तार मेलेलीच. तिच्यावर आकडा चढेचना. बराच वेळ तसाच बसलो, मग उमगलं. सेन्सर त्या तारेवर स्वतःची वीज पाठवतच नाही. तारेवर आधीच असलेली वीज तो फक्त दाबतो आणि सोडतो. ती वीजही जुन्या डॅशबोर्डकडूनच यायची. पिशवीतला एक छोटा रेझिस्टर, म्हणजे थोडीच वीज जाऊ देणारा तुकडा, काढून वीज आणि खुणेची तार यांच्यामध्ये जोडला.

"आई, फिरव आता."

तिनं जोर लावला आणि नव्या मीटरवर दोनाचा आकडा उमटला. मी ओरडलोच. मोटारी दुरुस्त करण्यात हयात चाललीय, पण आईच्या हातातला जोर असा काचेवर आकडा होऊन आलेला कधी बघितला नव्हता.

जॅक काढून रस्त्यावर गेलो. किलोमीटरच्या दगडांशी अंतर ताडून मीटर जुळवून घेतलं. परत आलो तर आई फाटकाशी उभी.

"मानसाचा येग बी सांगतं का ह्ये?"

"माणूस चालला आणि गाडी त्याच्या बरोबरीनं चालवली, तर सांगेल."

"मग चल की."

ती घाटाच्या दिशेनं चालायलाच लागली. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच सांभाळत तिच्या बाजूनं. आकडा पाचावर आला. पुढं चढ लागला. गाडी दमली, मी मागं पडलो. पुन्हा तिला गाठलं, तर पाचच. वळणावर पाच, उतारावर पाच. मला पाय सांभाळताना घाम फुटला होता आणि ती समोर बघत चालली होती, श्वाससुद्धा वाढला नव्हता.

ओढ्याच्या पुलावर थांबलो.

"किती आला?"

"पाच. तासाला पाच किलोमीटर."

"भोर किती हितनं?"

"पंचवीसच्या पुढं."

मी लहान असताना एसटी चुकली की ती तांदळाचं ओझं डोक्यावर घेऊन भोरच्या बाजाराला चालत जायची. ते मला माहीत होतं, पण कधी त्याचा हिशेब मांडला नव्हता.

"उजाडताना निगायची म्या," ती म्हणाली. "ऊन डोस्क्यावर याया लागलं की भोर यायचं."

मी मनात भागाकार केला. पाच तास आणि वर थोडं. बरोबर तेवढंच.

"मग नीट चालतंय तुजं मीटर," आई म्हणाली.

दार उघडून तिला आत बसवलं. तिनं मांडीवर हात ठेवले, काचेतून एकदा लांब खाली दिसणाऱ्या धरणाच्या पाण्याकडं बघितलं आणि म्हणाली, "गाडी वळव आता. नाचणी तशीच पडलीया."