उघड्या दाराचे प्रशिक्षण

मुलांनो, तुमच्या आईच्या विद्यापीठात सगळे प्राध्यापक एकत्र बसून संगणकावर शिकवायला शिकतात आणि तुम्हाला त्यांचे हसू येते, असे तुम्ही लिहिलेत. हसा. मी आमचे प्राध्यापक पाहिले आहेत.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. नव्या सरकारने आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलेजात एपिडायास्कोप पाठवला. पुस्तकातले चित्र भिंतीवर मोठे करून दाखवणारे ते यंत्र. ते चालवायला जो शिकणार नाही त्याची नोकरी कायम होणार नाही, असा हुकूमही आला. बाकीचे आधीच कायम होते. राहिले होते मी, भूगोल शिकवणारी एकटी बाई. तुमचे आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते आणि घर माझ्या पगारावर चालत होते.

यंत्राला खोलीत अंधार लागतो. इतिहासाचे प्राध्यापक उठले. त्यांचे आजोबा दरबारात होते आणि हे ते कोणाला विसरू देत नसत.

"बाईमाणसाबरोबर अंधारात बसायचे? आपल्याकडे ही रीत नाही."

"तो दरवाज़ा खुला रखिए," प्राचार्यांनी तोडगा काढला.

दार उघडे राहिले. ऊन थेट भिंतीवर आले. यंत्र शिकवायला भोपाळहून आलेल्या शिक्षकाने नकाशा लावला. भिंत पांढरीच राहिली आणि ते सगळे विद्वान तिच्याकडे तासभर माना डोलावत बघत बसले. संस्कृतवाल्यांनी तर "वा, क्या बात है!" म्हटले. इतिहासवाले वहीत टिपणे घेत होते. कशाची, देव जाणे.

"मला काही दिसले नाही," मी म्हटले.

"लक्ष द्यावे लागते, बाई," इतिहासवाले म्हणाले.

तो शिक्षक संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. मी उठले आणि दार लावले. त्याबरोबर आमचे सगळे प्राध्यापक शेपटाला आग लागल्यासारखे बाहेर पळाले. इतिहासवाल्यांचे पागोटे चौकटीला अडकले.

"बहनजी, चलिए, सीख लीजिए," तो शिक्षक हसू दाबत म्हणाला.

अंधारात भिंतीवर चंबळ उतरली, तिच्या एकेका घळीसकट. दिवा, भिंग, पान कसे उलटे ठेवायचे, सारे मी शिकले. बाहेर ओसरीत चहा चालला होता आणि माझ्या चारित्र्यावर चर्चा. मी कायम झाले. सगळेच शिकले, असा अहवाल प्राचार्यांनी भोपाळला पाठवला.

त्यानंतर चित्र दाखवायची वेळ आली की प्रत्येक जण माझ्या दाराशी येई. "बाई, जरा येता का?" सर्वांत जास्त वेळा इतिहासवालेच येत. मुलांनी भरलेल्या अंधाऱ्या वर्गात मी यंत्र चालवायची आणि ते हातात छडी घेऊन भिंतीवरच्या तोफा दाखवायचे.

एकदा मी मुद्दाम विचारले, "सर, दार उघडे ठेवू?"

"छे छे! मग मुलांना दिसणार काय?"