सीपीयूच्या अंगावरचं स्टिकर

"मालक कुठंयत?" दुकानात शिरलेला प्रत्येक दुसरा माणूस मला हे विचारतो. मी काउंटरमागं उभी, हातात स्क्रू ड्रायव्हर, पुढ्यात उघडा पडलेला सीपीयू, आणि तरी ह्यांना मालक पाहिजे! पूर्वी मी नीट समजावून सांगायची. आता म्हणते, "मालक बाहेर गेलेत, पुढच्या जन्मी येतील. तुम्ही बोला, काय पाहिजे?"

धाराशिवात जुने कॉम्प्युटर विकायला लागून मला बारा वर्षं झाली. पुण्याच्या ऑफिसांनी बदलून टाकलेली मशीनं लॉटनं येतात. मी ती उघडते, धूळ काढते, लागेल तिथं डिस्क बदलते आणि विकते. प्रत्येक सीपीयूच्या अंगावर एक छोटं चकचकीत स्टिकर असतं, त्यावर पंचवीस अक्षरं-आकड्यांचा नंबर. आतली विंडोज रीतसर विकत घेतलेली आहे, चोरीची नाही, याचा तो दाखला. मशीन विकलं की लायसन्स मशीनबरोबर जातं. मशीन मेलं की तेही मेलं. याचं काढून त्याला लावायचं नसतं. एवढी साधी गोष्ट, पण ती ऐकून घेणारं गिऱ्हाईक भेटायला नशीब लागतं.

"पलीकडच्या गल्लीत हेच मशीन स्वस्तात मिळतंय," म्हणतात. मिळणारच! त्यात क्रॅक केलेली, म्हणजे चोरीची, विंडोज ठोकलेली असते. "मग तुम्ही पण ठोका की, आम्हाला कुठं काय कळतंय?" हे वाक्य ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे एक मास्तर आले होते. कोपऱ्यात भंगारात टाकलेल्या सीपीयूकडं बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, त्या डब्यावरचं स्टिकर काढा आन् ह्याला चिटकवा. कोण बघतंय?" मी म्हणाले, "सर, मग दुसऱ्याच्या पोराची मार्कशीट आणून त्यावर तुमच्या पोराचा फोटो लावा. ते तरी कोण बघतंय!" मास्तर तडक गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. मला त्याचा आठवडाभर अभिमान वाटत होता.

त्यामुळं बेंबळी गावची एक सून दुकानात आली आणि स्वतःहून म्हणाली, "ताई, मला लायसन्सचंच मशीन पाहिजे," तेव्हा मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. गावात दाखले काढून द्यायचं, ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र निघणार होतं आणि ते एकालाच मिळणार होतं. तिचा अर्ज पुढं सरकला होता. आता तपासणीला माणूस येणार. त्याच्या यादीत साफ लिहिलेलं, सीपीयूवरच्या स्टिकरचा फोटो पाहिजे. ही बाई बी.ए. झालेली, चार वर्षं दुसऱ्याच्या केंद्रावर फॉर्म भरत बसलेली. तिथला मालक तिला कधी नावानं हाक मारायचा नाही, 'ए पोरी' म्हणायचा. "दोन लेकरांची आई हाय मी, ताई," ती म्हणाली. "एकदा मला माझ्या स्वतःच्या खुर्चीत बसायचंय."

मी तिला लॉटमधलं सगळ्यात चांगलं मशीन काढून दिलं. वर दहादा बजावलं, स्टिकरला जप, नख लावू नको, घरी गेल्या गेल्या फोटो काढून ठेव. तिनं काढला नाही. मीही काढून ठेवायला पाहिजे होता, मीही काढला नाही. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला मात्र माझी जीभ लई लांब!

घटस्थापनेला तीन दिवस राहिले होते. आमच्याकडं नवरात्राच्या आधी दसरा काढतात, म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते सगळं अंगणात काढून धुवायचं. वाकळा, डबे, भांडी, माळ्यावर वर्षभर पडून राहिलेल्या पाट्या, सगळं. देवी घरात बसणार, तर पारोसं काही राहायला नको. त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आधी नुसतं रडणं.

"आत्यांनी दसरा काढला, ताई." सासूला ती आत्या म्हणते.

"मग काढला तर काढला! त्यात रडण्यासारखं काय झालं?"

"सीपीयू पण घासला."

सासूबाईंनी सगळ्या वायरी काढून सीपीयू अंगणात आणला होता. आत पाणी जाऊ दिलं नाही, तेवढी अक्कल होती. पण बाहेरून साबण लावून काथ्यानं असा घासला, की स्टिकरचा एक कण राहिला नाही. मागून त्यांचा आवाज येत होता, "कसलं तरी जुनं चिटकल्यालं व्हतं, निघता निघंना. लई घासावं लागलं बया."

"कॉम्प्युटर आहे का पितळेचा तांब्या?" मी ओरडले. "चिंच लावली नाही, हेच उपकार! आणि तू काय करत होतीस?" ती लेकराला घेऊन दवाखान्यात गेली होती. ते कळल्यावरही मी थांबले नाही. पुढं जे बोलले ते इथं लिहीत नाही, कारण ते तिनंच ऐकलं, सासूनं नाही, आणि चूक तिची नव्हती.

मशीन चालू होतं. आतलं लायसन्सही जिवंत होतं, स्क्रीनवरचं तिनं मला फोनवर वाचून दाखवलं. मी तिच्याकडून नंबर घेऊन तपासणीच्या माणसाला फोन करून हे सगळं सांगितलं, बिल पाठवते म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, यादीत स्टिकर आहे. स्टिकर नसेल तर मी दुसऱ्या अर्जाचं बघतो." उद्या सकाळी अकराला येणार म्हणाला. हे स्टिकर दुसरं मिळत नाही, कुठंच मिळत नाही.

मी फोन ठेवला आणि माझी नजर कोपऱ्यात गेली. बोर्ड जळालेला तोच सीपीयू तिथं पडून होता, मास्तरांनी बोट दाखवलेला. स्टिकर अजून चकचकीत. मी त्याच्याकडं पाठ करून बसले. मग तोंड करून बसले. तिचं लायसन्स खरं आहे ना? आहे. तिनं चोरी केली का? नाही. मग खऱ्याला खोटा दाखला लावला तर कुणाचं काय गेलं? असं म्हणता म्हणता मी केस वाळवायचं मशीन आणलं, गरम हवा दिली आणि ब्लेडनं ते स्टिकर उचललं. अख्खं निघालं. इतक्या सफाईनं निघालं की मला माझीच शिसारी आली.

सकाळी स्कूटीवर बेंबळीला निघाले. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, त्याला चुकवत चुकवत पोचले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा असं तोंड. "बाई, म्या माझ्या हातानं सुनंचं वाटुळं केलं," त्या म्हणाल्या. "उभ्या जल्मात कुठल्या वस्तूवर धूळ ठिवली न्हाय, त्याचं हे फळ." मला त्यांच्यावर चिडायचं होतं. सगळा रस्ता मी शब्द जुळवत आले होते.

"मावशी, चहा टाका," एवढंच बोलले. त्या आत गेल्यावर पर्समधून स्टिकर काढलं आणि चिटकवलं. सून बघत होती.

"ताई, हे कुठनं आणलं?"

"माझ्याकडं होतं एक." तिनं स्टिकरचा कोपरा बोटानं दाबून नीट बसवला. सासूबाई चहा घेऊन आल्या, स्टिकर बघितलं, आणि कपबशी खाली ठेवून त्या मशीनला हात जोडले.

अकराचा माणूस एक वाजता आला. दाराचा फोटो, खुर्चीचा फोटो, सुनेची सही. स्टिकरचाही फोटो काढला, तो हललेला. पंचवीसातलं एकही अक्षर त्यानं वाचलं नाही! वर चहाचा घोट घेत मला म्हणतो, "मॅडम, आमच्या पोरीला एक मशीन पाहिजे होतं. लायसन्स-बियसन्स नको, क्रॅकचं चालतंय." एरवी असं कुणी बोललं असतं तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती. त्या दिवशी मी त्याच्या कपात अजून चहा ओतला.

केंद्र तिला मिळालं. दसऱ्याला उद्घाटन ठरलं आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशीनच्या पूजेला मला बोलावणं आलं. नवी खुर्ची, टेबलावर झेंडूची माळ घातलेला सीपीयू, शेजारपाजारच्या पाच-सात बाया. सून त्या खुर्चीत बसली होती आणि सारखी उठत होती, तिला अजून सवय नव्हती. एका बाईनं हळदी-कुंकवाची बोटं सीपीयूला लावायला हात पुढं केला, तर उपासानं वाळलेल्या सासूबाईंनी झटकन तिचं मनगट धरलं.

"तिथं न्हाय! तेवढं सोडून कुठं बी लाव. म्या बी आता तिथं फडकं लावत न्हाय. ते खरं हाय, म्हणून तर केंद्र भेटलं. इचार ह्या बाईला."

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. त्या मशीनमध्ये डिस्क खरी होती, विंडोज खरी होती, लायसन्स खरं होतं. खोटं तेवढं एकच होतं.

"व्हय मावशी," मी म्हणाले, "खरं आहे."

त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि पहिलं माझ्या कपाळाला लावलं.